बिनपट्टीच्या कपाटाजवळची घडवंची

मित्रांनो, घडवंची म्हणजे काय, हे तुमच्यातल्या निम्म्या जणांना ठाऊक नसेल. मी जुनी झाले आणि माझे नावही माझ्याबरोबर जुने झाले. चार पाय, वर एक रुंद फळी आणि पुढे चढायला एक पायरी, एवढाच माझा संसार. उंचावरचे काही काढायचे असले की माणसे माझ्यावर उभी राहतात आणि दमली की बसतात. एका शाळेच्या वाचनालयात माझी चाळीस वर्षे गेली. सध्या मी त्याच शाळेच्या जिन्याखाली आहे आणि माझ्या डोक्यावर पाण्याचे पिंप आहे. पिंप गळते. असो. मी रडगाणे गायला बसलेली नाही. मला एका मुलीची हकिकत सांगायची आहे, आणि ती सांगायची तर थोडी माझी सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

माझे लाकूड पूर्वी एका दाराचे होते. शाळेची जुनी इमारत पाडली तेव्हा सुताराने ते दार बाजूला काढून ठेवले. सुतार अंगाने बुटका होता. वाचनालयाची नवी उंच कपाटे पाहून तो म्हणाला, "वरच्या फळीपर्यंत माझाच हात पोचत नाही, पोरांनी काय उड्या मारायच्या?" मग त्याने पहिलीतल्या एका मुलाला भिंतीशी उभे केले आणि त्याच्या गुडघ्याचे माप घेतले. पायरी चढताना लहान मुलाचा गुडघा छातीला लागू नये, एवढीच त्याची अट होती. माझे कोपरे त्याने दोनदा घासले. कुणाच्या पोटरीला खरचटू नये म्हणून.

वाचनालय एकाच खोलीचे होते. तीन कपाटे, एक लांब टेबल, सहा खुर्च्या आणि ग्रंथपालबाई. बाई आणि मी एकाच वर्षी तिथे रुजू झालो. त्यांचे वजन वर्षावर्षाला कसे वाढत गेले हे माझ्याइतके कुणालाच माहीत नाही, पण ते मी कुणाला सांगितलेले नाही. मला अक्षर ओळखता येत नाही, मित्रांनो. मी माणसे ओळखते ती त्यांच्या पायांवरून. कुणाची टाच घट्ट, कुणाची हलकी, कोण भीत भीत चढते आणि कोण उडी मारून.

बाईंनी नोकरीच्या पहिल्या वर्षीच सगळ्या पुस्तकांच्या पाठींवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. पहिली-दुसरीला हिरवी, तिसरी-चौथीला पिवळी, पाचवी ते सातवीला लाल. तिसऱ्या कपाटातल्या पुस्तकांना पट्टीच नव्हती. ती शिक्षकांसाठी आणि वरच्या वर्गांसाठी. ज्याने त्याने आपल्या रंगाचे पुस्तक घ्यायचे, असा नियम झाला. हेतू चांगला होता. एखाद्या लहान मुलाने भलते जाडजूड पुस्तक उचलावे, त्याला ते झेपू नये आणि त्याने पुस्तकांचाच धसका घ्यावा, असे बाईंना नको होते. माझी जागा ठरली बिनपट्टीच्या कपाटाजवळ, कारण तेच सर्वांत उंच होते.

ती वर्षे माझ्या सुखाची होती. दर सुट्टीत मला तेलपाणी व्हायचे. पाहुणे आले की मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ही आमच्या जुन्या इमारतीची आठवण." मला तेव्हा फार मोठे झाल्यासारखे वाटे.

मग एका वर्षी तिसरीत ती मुलगी आली.

तिचे नाव मी सांगणार नाही. अंगाने काडीसारखी होती. पहिल्याच आठवड्यात ती मधल्या सुट्टीत आली, तिसऱ्या कपाटाच्या आडोशाला माझ्या पायरीवर बसली आणि बिनपट्टीचे एक पुस्तक मांडीवर घेतले. तास होईपर्यंत तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पुस्तक संपले. वाचताना तिची उजवी टाच माझ्या पायावर टकटक वाजायची. गोष्ट पळू लागली की टाचही पळायची आणि काही वाईट घडले की एकदम थांबायची. मला अक्षर येत नव्हते, तरी त्या वर्षी मी कितीतरी पुस्तके अशी टाचेवरून ऐकली.

बाईंच्या ते लगेच लक्षात आले. त्या लांबूनच म्हणाल्या, "आली का गं वाळवी?"

मित्रांनो, लाकडाच्या वस्तूला हा शब्द ऐकून काय वाटत असेल, याची कल्पना करा. माझे चारही पाय गार पडले. थोड्या वेळाने उलगडा झाला की ही पुस्तकांची वाळवी आहे.

"बाई, हे घरी नेऊ का?" तिने विचारले.

"अगं, त्याला पट्टी नाही. तुझ्या नावावर कसं लिहू मी? मोठ्या बाई वही बघतात दर महिन्याला." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "इथेच बसून वाच. मी काही बघितलेलं नाही."

असा त्या दोघींचा गुपचूप करार झाला. वहीत तिच्या नावावर पिवळ्या पट्टीची तीन पुस्तके होती, तीही वर्गाबरोबर रांगेत उभे राहून घेतलेली. बाकीचे सगळे वाचन बिनहिशेबी होते. बाहेर ऊन फार असले की तिच्या वर्गातली मुले माझ्याभोवती खाली बसायची आणि ती त्यांना वाचलेल्या गोष्टी सांगायची. समुद्रात हरवलेली माणसे, बर्फातली कुत्री, आंधळा घड्याळजी. मुले तोंडाचा आ करून ऐकायची. "पुढे काय झालं ते उद्या सांग हं, नक्की," असे बजावून जायची.

आणि वर्गात? वर्गात तिची गणना शेवटच्या रांगेत होत होती. तिच्या वर्गाचे सर वयाने तरुण आणि कष्टाळू होते. एका संध्याकाळी ते उत्तरपत्रिका घेऊन वाचनालयात बसले होते, तेव्हा बाईंना म्हणाले, "हिचं काय करावं कळत नाही बघा. प्रश्न साधा आहे, म्हातारी कुठे राहत होती. उत्तर काय, झोपडीत. ही लिहिते, म्हातारी झोपडीत राहत होती, पण तिला दुसरीकडे कुणी राहू दिलं नसेल. आणि त्यावर अर्धं पान. पुढचे नऊ प्रश्न कोरे."

बाई हसल्या. "विचार करते पोर."

"विचार करते, पण वेळ संपतो त्याचं काय?" सर म्हणाले आणि त्यांनी कोऱ्या जागेवर शून्य मांडले. त्यांनाही ते मांडताना बरे वाटत नव्हते. पेन दोनदा उचलून मग त्यांनी ते लिहिले.

सहामाहीनंतर वाचनाची तोंडी परीक्षा आली. त्या शाळेत एक पद्धत होती. तिसरीच्या वर्गाने वाचनालयात यायचे, एकेकाने माझ्यावर उभे राहायचे आणि दिलेला उतारा मोठ्याने वाचायचा. लहान मुले सगळ्यांना दिसावीत म्हणून घडवंची. मला या पद्धतीचा मोठा अभिमान होता. शेकडो मुले माझ्यावर उभी राहून वाचती झाली होती.

ती चढली. मित्रांनो, तिचे डोळे पाण्यासारखे खाली धावायचे. तोंडाने पहिला शब्द उच्चारेपर्यंत डोळे शेवटच्या ओळीला पोचलेले असायचे. उतारा एका माळ्याचा होता. तिने पहिल्या ओळीतले दोन शब्द वाचले, मग चौथ्या ओळीतला एक, मग ती गडबडली, मागे आली, पुन्हा अडली. पोरे खुसुखुसू हसू लागली.

"बोट ठेव," सर म्हणाले. "शब्दाखाली बोट ठेवून एकेक शब्द वाच."

तिने बोट ठेवले. बोटाखाली पुढची ओळ झाकली गेली आणि ती अगदीच थांबली.

"पुढे?"

"सर, शेवटी ते झाड जगत नाही," ती म्हणाली.

सगळा वर्ग खो खो हसला. सरांना वाटले, ही चित्र पाहून अंदाज ठोकते आहे. त्या उताऱ्याला चित्र नव्हते, पण हे त्या गोंधळात कुणी पाहिले नाही. तिच्या टाचा माझ्या फळीवर घट्ट दाबल्या गेल्या होत्या. ती खाली उतरली तेव्हा माझ्या पायरीवर तिच्या पावलांचा घाम राहिला होता.

दोन दिवसांनी सरांनी तिच्या आईला बोलावले. आई कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर उभी असायची. तिच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. खुर्च्यांवर वह्यांचे गठ्ठे होते म्हणून ती माझ्यावर टेकली. दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाचे वजन बसताना एकदम पडते, तसे ते पडले.

"ताई, तुम्ही घाबरू नका," सर म्हणाले. "तिला नीट वाचता येत नाही. पण मी मधल्या सुट्टीत काही मुलांचा वेगळा तास घेतो. मोठ्या अक्षरांची पुस्तकं आहेत. सहा महिन्यांत फरक पडेल."

आई गोंधळली. "वाचता येत नाही? अहो सर, ही तर पुडीचा कागदसुद्धा सोडत नाही. भाजी आणली की मी भाजी घेते, ती कागद घेते."

"बघणं वेगळं आणि वाचणं वेगळं, ताई. मुलं हुशार असतात, आपल्याला छान फसवतात." सरांनी टेबलावरची वही ओढली आणि पान उलटले. "हे बघा. आतापर्यंत तीन पुस्तकं. तीही पातळ. ज्याला वाचायला येतं ते मूल तीन पुस्तकांवर थांबेल का? बाई, तुम्हीच सांगा. तुमच्याकडे येते का ही?"

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला तोंड असावे असे कधी वाटले असेल तर त्या क्षणी. बाईंनी हातातले डिंकाचे भांडे खाली ठेवले. त्या दाराकडे पाहत होत्या. दाराच्या पलीकडे मोठ्या बाईंचे ऑफिस होते. त्याच महिन्यात बिनपट्टीच्या एका पुस्तकाची पाने फाटलेली सापडली होती आणि मोठ्या बाईंनी विचारले होते, की लहान मुलांना त्या कपाटाला हात लावू देतेच कोण?

"येते," बाई म्हणाल्या. "येते अधूनमधून. चित्रंबित्रं बघते."

आईने मान खाली घातली. ती म्हणाली, "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला जास्त कळतं." आणि तिने सरांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवसापासून मधली सुट्टी तिची राहिली नाही. शेजारच्या खोलीत पाच-सहा मुले बोट ठेवून वाचायची आणि त्यांचा एका सुरातला आवाज भिंतीतून माझ्यापर्यंत यायचा. घर बघ. नळ बघ. घर छान आहे. सर आपला डबा अर्धवट टाकून हा तास घ्यायचे. त्यांच्यावर राग धरायचा तर तो कसा धरावा?

पहिल्या आठवड्यात ती एकदा दारापाशी येऊन उभी राहिली.

"अगं, तुझा तिकडे तास आहे ना?" बाई म्हणाल्या. "जा बाळा. सर शोधतील."

ती गेली. पुन्हा एकदा आली, तेव्हा दारातूनच परत फिरली. त्यानंतर आली नाही. उन्हाच्या वेळी मुले सवयीने माझ्याभोवती जमली, थोडा वेळ थांबली आणि पांगली. कुणी म्हणाले, "तिला कुठे वाचता येतं? ती मनानेच रचून सांगत होती." बाकीच्यांना ते पटले. थोड्याच दिवसांपूर्वी हीच मुले पुढे काय झाले म्हणून तिच्या मागे लागत होती.

बाईंची झोप उडाली असावी. त्या माझ्यावर बसायच्या, एखादे पुस्तक काढायच्या आणि तसेच ठेवून द्यायच्या. वर्ष संपायला दीड महिना उरला होता. तेव्हा एका दुपारी त्यांनी सरांना बोलावले, दार लोटले आणि सगळे सांगून टाकले. कोणती पुस्तके, किती दिवसांत, कुठे बसून. सांगताना त्या एकेक पुस्तक कपाटातून काढून टेबलावर ठेवत गेल्या. ढीग सरांच्या हनुवटीपर्यंत आला.

सरांनी ढिगातले वरचे पुस्तक उघडून पाहिले. मग म्हणाले, "चार महिने मी त्या पोरीकडून नळ आणि घर वाचून घेतोय, बाई."

"माझं चुकलं."

"त्या दिवशी आई इथे बसली होती, तेव्हा का नाही बोललात?"

बाईंनी लोटलेल्या दाराकडे पाहिले.

सर त्याच पावली गेले आणि मुलीला घेऊन आले. खरेच सांगते, मला वाटले आता सगळे ठीक होणार. ती माझ्या पायरीवर बसली. बाईंनी तिच्या मांडीवर तिचे सर्वांत आवडते पुस्तक ठेवले, समुद्राचे.

"वाच गं," बाई म्हणाल्या. "मोठ्याने नको. तुझं तू, मनात वाच."

तिने पुस्तक उघडले नाही. "मला वाचायला येत नाही, बाई."

"असं कसं? तू हे इथेच बसून वाचलंयस की. मी बघितलंय."

"तुम्ही सरांना म्हणाला होतात ना, मी चित्रं बघते."

बाई बाजूला झाल्या. सर पुढे झाले, खाली फरशीवर बसले आणि तिच्या डोळ्यांना डोळे देऊन म्हणाले, "बेटा, चूक आमची झाली. तुला येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मोठी माणसे रोज नवीन काहीतरी सांगतात, त्यातले खरे कोणते धरायचे, असे काहीतरी तिच्या मनात असावे.

त्यानंतर सरांनी हात टेकले नाहीत. त्यांनी तो वेगळा तास तिच्यापुरता बंद केला. रोज मधल्या सुट्टीत तिला माझ्याजवळ एकटीला बसू दिले. कुणी काही विचारायचे नाही, असे सगळ्यांना बजावले. पंधरा दिवस ती पुस्तक मिटलेलेच मांडीवर घेऊन बसली. सोळाव्या दिवशी तिने ते उघडले. बाई कपाटाच्या आडून पाहत होत्या.

तिने उजव्या हाताचे बोट पहिल्या शब्दाखाली ठेवले. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. ओठ हलत होते. सबंध सुट्टीत दीड पान झाले. जे पुस्तक तिने एकदा तीन दिवसांत संपवले होते, त्याचे दीड पान. टाच माझ्या पायाला टेकलेली होती आणि ती एकदाही हलली नाही. आपण नीट वाचतो आहोत ना, हे पाहायला तिने मधेच मान वर केली.

"छान," सर म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

सुट्टी लागण्याआधी आईचे काम दुसऱ्या गावी गेले आणि मुलीचे नाव शाळेतून काढावे लागले. दाखला तयार व्हायच्या दिवशी बाई मोठ्या बाईंच्या ऑफिसात गेल्या, झाला प्रकार आपल्या तोंडाने सांगितला आणि परत येऊन माझ्यावर बसून नव्या शाळेला पत्र लिहिले. लिहिता लिहिता त्या पुटपुटत होत्या, म्हणून मला ते कळले. या मुलीला आधी मनात वाचू द्या आणि मग काय वाचले ते सांगायला लावा. उभी करून मोठ्याने वाचायला लावू नका. बोट ठेवायला सांगू नका, ते आम्ही शिकवले आहे, ते सुटायला वेळ लागेल. तिच्या वयाची पुस्तके तिला द्याच, पण तेवढीच देऊ नका. खाली सरांनी, बाईंना ऐकवत, आपल्या अक्षरात जोडले, की परीक्षेत ती एकाच प्रश्नात रमते, तेव्हा तिच्याजवळ जाऊन हळूच सांगावे, 'आता पुढचा घे, हा विचार आपण नंतर बोलू.' आणि तिच्याशी नंतर खरोखर बोलावे.

आईने ते पत्र घडी करून पिशवीत ठेवले. मुलगी बाईंच्या पाया पडली नाही, रडलीही नाही. ती दारात नीट चपला घालून आईचा हात धरून गेली.

त्या सुट्टीत बाईंनी ओल्या फडक्याने सगळ्या पुस्तकांच्या पट्ट्या काढल्या. कित्येक पट्ट्यांबरोबर पुस्तकाची पाठही सोलून निघाली. त्यांच्यानंतर दुसऱ्या बाई आल्या, लोखंडी शिडी आली आणि माझा एक पाय डुगडुगू लागल्यावर मला जिन्याखाली हलवले. नव्या शाळेत ते पत्र कुणी उघडले का, त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मला कळलेले नाही. ती आता तुमच्या आईच्या वयाची असेल. ती वाचत असेल असे मी स्वतःला सांगते. माझा त्यावर पुरता विश्वास बसत नाही.

मित्रांनो, मोठ्यांच्या चुका मोठी माणसे कधीतरी कबूल करतात, पण त्यांना उशीर होतो. मला सारखी आठवण येते ती फरशीवर बसून गोष्टी ऐकणाऱ्या त्या मुलांची. चौदा-पंधरा तरी होती. तिला वाचता येते हे त्या सगळ्यांना माहीत होते. ती माझ्यावर उभी राहून अडखळली तेव्हा त्यातले एक जण उठून उभे राहिले असते, तर सर ऐकणारे होते. पण सगळे हसत होते, म्हणून तेही हसले.

मी लाकूड आहे. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे. तुमच्या वर्गातही असे कुणीतरी असेल, ज्याला पुष्कळ येते पण मागितल्यावर देता येत नाही. तो अडखळेल आणि वर्ग हसू लागेल, तेव्हा हात वर करा आणि म्हणा, "सर, याला येतं. आम्हाला माहीत आहे." एवढेच म्हणा. पण त्याच दिवशी म्हणा.